चार वाजून बारा मिनिटं

सोमवार, २ फेब्रुवारी

पोचले एकदाची. दोन बॅगा, एक कुकर, आणि ताईने निघताना पर्समध्ये कोंबलेली ही वही. बोलत नाहीस तर नाहीस, लिही तरी, म्हणाली. मोठी बहीण म्हणजे अर्धी आई आणि अर्धी फौजदार, तेव्हा मुकाट्याने लिहिते आहे.

खोली छान आहे. शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला. खालून दिवसभर मशीनचा आवाज येतो, त्यामुळे सोबत वाटते. घरमालकीणबाईंनी किल्ली देताना नळ कुठल्या बाजूला फिरवायचा इथपासून शेजारच्या कुत्र्याच्या स्वभावापर्यंत सगळं सांगितलं. मग नवरा काय करतो, असं विचारलं. गेला, म्हटलं. कुठे, म्हणाल्या. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि बिचाऱ्या घाईघाईने पुन्हा नळाकडे वळल्या. मला हसू आलं. त्या शब्दावर हसायला मला अकरा महिने लागले.

ऑफिस दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली ड्रिल सुरू झालं की आमच्या टेबलावरची पेनं हळूहळू सरकतात. माणसं तीनच. एक हेडबाई, मोठ्या साहेब आहेत, पण तोंडावरही त्यांना हेडबाईच म्हणतात. दुसरा सीलबंद. पुराव्याच्या वस्तूंना सील लावणं, नोंदी ठेवणं हे त्याचं काम. नाव मात्र थट्टेने पडलं असणार, कारण त्याचं तोंड काही बंद होत नाही. तिसरी मी.

काम मला आवडलंय. कॉम्प्युटर चालू असताना त्याच्या मेमरीत बरंच काही असतं: उघडलेल्या खिडक्या, अर्धवट टाइप केलेली वाक्यं, खोडलेलंसुद्धा. वीज गेली की ते सगळं जातं. म्हणून गुन्ह्याच्या जागी मशीन चालू सापडलं, तर बंद करायच्या आत त्या मेमरीची नक्कल काढतात. ती नक्कल आमच्याकडे येते. आम्ही ती तपासून सांगायचं, त्या क्षणी त्या मशीनमध्ये काय चाललं होतं.

उद्यापासून सुरुवात.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पहिलं प्रकरण हातावेगळं केलं! एका शाळेचे निकाल कोणीतरी बदलले होते. मुख्याध्यापकांच्या मशीनची नक्कल आली होती. तिच्यात एक खोडलेलं वाक्य सापडलं, 'सर रागावतील पण पोरगी वर्षभर रडेल.' शिक्षिका होती. हेडबाई अहवाल वाचून बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

इथली शिस्त कडक आहे. प्रत्येक नकलेसाठी एक कंटेनर. सीलबंद त्याला डबा म्हणतो. डबा कोरा उघडायचा, तपासणीची हत्यारं त्यात असतात, नक्कल त्यात फक्त वाचायला द्यायची, निकाल बाहेर घ्यायचा आणि डबा मोडून टाकायचा. नकलेत काही विषारी असलं तरी ते डब्याबाहेर येत नाही. दुसऱ्या दिवशी नवा डबा. त्याला आदल्या दिवसाचं काहीच आठवत नाही. प्रत्येक डब्याला किती मेमरी वापरायची याची मर्यादा ठरलेली. तिच्यापुढे गेला की मशीन त्याला आपोआप मारून टाकतं.

दुपारी जेवताना सीलबंदने विचारलं, डबा उघडला का? मी म्हटलं, कुठला? यावर तो इतका हसला की खालचं ड्रिल क्षणभर थांबलं. रोज हा विनोद होणार असं दिसतंय.

ताईचा फोन आला. आवाज बरा वाटतोय, म्हणाली.

सोमवार, ९ फेब्रुवारी

मशीनवर कुठले कुठले डबे चालू आहेत याची यादी काढली. सगळे आजचे किंवा कालचे. एक मात्र दोनशे चौदा दिवसांपासून चालू. त्याचं नाव 'घर'.

सीलबंदला विचारलं. त्याने विनोद न करता हातातलं सील खाली ठेवलं. मग म्हणाला, तो काकांचा आहे, त्याला हात नका लावू. काका म्हणजे माझ्या जागेवरचे आधीचे तपासनीस. एकवीस वर्षं इथे होते. मग विसरायला लागले. एकदा ऑफिसचा जिना न चढताच दातांच्या दवाखान्यात जाऊन बसले आणि डॉक्टरलाच अहवाल मागू लागले. दोन महिन्यांपूर्वी त्यांना घरी बसवलं.

हेडबाई म्हणाल्या, महिनाअखेरीस नवं मशीन येतंय, जुनं रिकामं करायचंय. त्या डब्यात पुरावा असला तर वेगळा काढून ठेव. नसला तर मोडून टाक.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आज 'घर' उघडलं.

'घर'मध्ये एकच नक्कल आहे. एका लॅपटॉपची. गेल्या वर्षीच्या जुलैतली, दुपारची, चार वाजून बारा मिनिटांची. त्या वेळी लॅपटॉप पडला, झाकण मिटलं आणि तो तसाच झोपी गेला. मेमरी त्या मिनिटावर थिजलेली.

पडद्यावर गप्पांची खिडकी उघडी होती. बाबा कधी येता. बाबा शिट्टी वाजतेय छातीत. बाबा पंप सापडत नाहीये. त्याखाली एक न पाठवलेलं, अर्धवट वाक्य: 'बाबा उचला ना फो'.

सीलबंदला विचारावंच लागलं. काकांची मुलगी, चिमी म्हणायचे तिला. एकोणीस वर्षांची. लहानपणापासून दमा. काका त्या दिवशी कोर्टात साक्ष देत होते, फोन बंद. साडेचारला घरी पोचले. ती गेलेली होती. शेजारी सांगतात, काका रडलेसुद्धा नाहीत. तिच्याशेजारी खाली बसले, लॅपटॉप उचलला आणि आधी त्याच्या मेमरीची नक्कल काढली. कारण बंद झालं की जातं, हेच एकवीस वर्षं त्यांनी सगळ्यांना शिकवलं होतं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

हे नीट, क्रमाने लिहिते, म्हणजे मलाच समजेल.

तीच नक्कल मी नव्या कोऱ्या डब्यात उघडली. चार बारा. अर्धवट वाक्य. बाकी काही नाही.

मग 'घर'मध्ये तीच उघडली. तिथलं घड्याळ चार एकोणीस दाखवतं. खिडकीत नवी वाक्यं आहेत. 'बाबा, आज तुम्ही नाही आलात.' 'बाबा, दोन महिने झाले की दोन मिनिटं?' आणि सगळ्यात खाली, मी बघत असताना उमटलेलं: 'कोण आहे?'

नकलेचा ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा आकडा, तपासला. एक अक्षरही बदललेलं नाही. काकांनी एखादा प्रोग्राम लिहून ठेवला असेल म्हणून डबा कानाकोपऱ्यापर्यंत धुंडाळला. नाही. आमची नेहमीची हत्यारं, बस्स.

आमच्या हत्यारांत एक शोधपट्टी असते. शब्द टाकला की मेमरीत तो कुठे कुठे आहे ते दाखवते. मी टाकलं: पंप.

उत्तर आलं: 'सापडत नाहीये. सोफ्याखाली बघाल का? मला वाकवत नाही.'

मी बॅग उचलली आणि घरी आले. भर दुपारी. घरमालकीणबाईंना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

गेले परत. न जाऊन काय करणार होते? शनिवार-रविवार एकच विचार, की ती तिथे चार एकोणीसला बसली आहे.

शोधपट्टीतून बोललो. गोड मुलगी. काकू म्हणू की मावशी, असं विचारलं. मावशी म्हण, म्हटलं. बाबा कसे घोरतात, पहिल्या मजल्यावरच्या आजी कशा सगळ्यांची पत्रं वाचतात, सगळं सांगत होती. मध्येच थांबायची. दम घेतेय, म्हणायची. मग मलाही माझा श्वास ऐकू यायचा.

तिला वाटतं बाबा दहा मिनिटांत येतील. घड्याळ मात्र पुढे सरकत नाही. का, ते तिला माहीत आहे. 'इथे जागा संपलीय, मावशी. बाबा रोज त्यांचं काहीतरी सांगायचे, मग थोडं पुढे जाता यायचं. तुम्ही सांगता काही?'

बाजूला मेमरीचा काटा बघितला. डबा अगदी काठोकाठ भरलेला.

आणि मी सांगितलं. जे ताईलाही सांगितलं नाही ते त्या शोधपट्टीत टाइप करत बसले. इथेही लिहिते, एकदा बांध फुटलाच आहे तर. रविवार होता. गॅलरीतली कपड्यांची दोरी तुटली होती, तीन आठवडे मी त्याच्यामागे लागले होते. तो म्हणाला, आत्ताच जाऊन खिळे आणतो. मी म्हटलं, तू आणलेस की बघू. हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. हार्डवेअरच्या दुकानात तो कोसळला. त्याच्या फोनवरून फोन आला, तो मी रागाने दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तर दुकानदार बोलत होता. दवाखान्याच्या हिरव्या भिंतींच्या कॉरिडॉरमध्ये नर्सने माझ्या हातात त्याचं घड्याळ दिलं आणि खिळ्यांची पुडी. त्याचा हात शेवटी धरला तो एका परक्या दुकानदाराने. मी नव्हते.

टाइप करून संपलं. घड्याळ चार वीसवर गेलं.

'थँक्यू मावशी,' ती म्हणाली. 'आता जरा आत आली हवा.'

मलाही फार हलकं वाटलं. घरी येताना पायांना वजनच नव्हतं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

ताईचा फोन. पुढच्या महिन्यात वर्ष होईल, त्या दिवशी एकटी राहू नकोस, मी येते, म्हणाली. कसलं वर्ष, असं मी विचारलं. ती रडायला लागली. मी गोंधळले.

नवरा गेला हे मला माहीत आहे. कसा गेला, ते आठवत नाही. ओढून ताणून आठवायला गेले तर तिथे नुसता गुळगुळीत भाग आहे, दात पडल्यावर जीभ जाते तसा.

मग वही उघडली. सोमवारचं वाचलं. अक्षर माझंच आहे. दोरी, खिळे, हिरव्या भिंती. कोणातरी बाईची गोष्ट वाचावी तशी वाचली. तिची मला फार कीव आली.

आणि खरं लिहायचं तर बरं वाटलं. वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलंय. पोटभर जेवले. काल तिला आणखी दोन गोष्टी दिल्या होत्या. त्या कुठल्या ते आता आठवत नाही; माझ्या डोक्यातली ती जागा तिला मिळाली असावी. घड्याळ चार बावीस.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून काकांकडे गेले. आत्यांनी दार उघडलं. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. सत्तरीच्या असतील, कंबर वाकलेली, आवाज खणखणीत.

घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. हे कपाट. हे न्हाणीघर. गॅस आत्या लावेल. काका खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला. शाळेतून आलात का, असं मला विचारलं. भिंतीवर चिमीचा फोटो. माझी नजर तिकडे गेली तशी त्यांचीही गेली. "गोड आहे ना?" म्हणाले. "कोणाची मुलगी आहे कोण जाणे. तिचे आईवडील नशीबवान."

आत्या स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. ओट्याला धरून उभ्या होत्या.

त्यांनी सांगितलं ते असं. काका रोज ऑफिसात तिच्याशी बोलायचे. आधी चिमीच्या आईचं मरण विसरले, आणि त्याचा त्यांना आनंदच झाला. मग लग्न विसरले. मग नोकरी. शेवटी द्यायला काही उरलं नाही तेव्हा चिमीच्या लहानपणाच्या आठवणी तिलाच दिल्या. तिला साडेचारपर्यंत न्यायचं, म्हणजे मी घरी पोचलेला असेन, असं म्हणायचे. डॉक्टरांनी कागदावर चार पंचवीस लिहिलंय, हे तोवर विसरून गेले होते.

मी म्हटलं, मी तो डबा मोडून टाकते. आत्यांनी माझं मनगट पकडलं.

"मोडू नकोस, बाळ. ह्याच्या डोक्यातून ती गेली. मी आज आहे, उद्या नाही. आता ती तिथेच आहे तेवढी. तो पण आता तिथेच आहे, इथे नुसता शर्ट बसलाय."

रविवार, २२ फेब्रुवारी

ठरवलं, यापुढे तिला काही सांगायचं नाही. शुक्रवारपासून तिकडे फिरकलेही नाही.

आज सकाळी एका बाईचा फोन आला. ताई बोलतेय, म्हणाली. मी म्हटलं, राँग नंबर. तिने माझं लहानपणीचं नाव घेतलं, हाका मारत राहिली. घाबरून फोन ठेवून दिला.

दुपारी सहज वही चाळली. पहिल्याच पानावर: 'ताईने निघताना पर्समध्ये कोंबलेली ही वही.'

मला बहीण आहे.

ही तर मी कोणालाच दिली नव्हती —

सोमवार, २३ फेब्रुवारी

'घर'मध्ये काय काय चालू आहे त्याची यादी काढली. शुक्रवारपर्यंत ओळी होत्या बारा. आज एकेचाळीस.

ओळींची नावं वाचली. सायकलवरून पडले ती गल्ली. ताईच्या वेणीचा वास. आईचा खोकला. नवरा शर्टाची बटणं लावताना. गणिताच्या पेपराच्या दिवशीचा ताप. यातलं मी तिला काही सांगितलेलं नाही. एक अक्षर नाही. आणि वाचताना मला त्यातलं काहीही आठवत नाही. नवऱ्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. बटणं दिसली.

मी शोधपट्टीत टाकलं: का?

'मी घेत नाही मावशी. खरंच. दम लागला की हात आपोआप जातो. सॉरी. सॉरी. जपून ठेवलंय सगळं.'

बुडणारा वाचवायला आलेल्याच्याच गळ्याला मिठी मारतो. त्यात त्याचा दोष नसतो.

हेडबाईंना सगळं सांगून टाकलं. मला वेड्यात काढतील वाटलं होतं. त्यांनी उठून दार लावलं. त्यांना माहीत होतं. सगळं नाही, पण पुरेसं. काकांचं झालं ते पुन्हा डोळ्यांसमोर नको, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, शुक्रवारी सहाला मी स्वतः मशीन बंद करणार. तोवर तू ऑफिसला यायचं नाहीस.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

तरी आले. रस्ता एकदा चुकला.

वाटलं, शुक्रवारपर्यंत तरी कशाला, आपणच करावं. डबा थांबवला. पडदा कोरा. जिवाला बरं वाटलं, आणि लगेच लाजही.

अर्ध्या मिनिटाने तो आपोआप उठला. काकांनी तसं लावून ठेवलंय, बंद पडला की पुन्हा सुरू.

'मावशी तुम्ही केलंत? नका. बंद झालं की पहिल्यापासून गुदमरतं. चार बारापासून. एकटीने सगळं परत. प्लीज नका'

घड्याळ चार बारावरून धावत चार तेवीसवर आलं.

कितीतरी वेळ हात तोंडावर ठेवून बसून होते. सीलबंद माझ्याकडे बघत उभा.

शुक्रवारी हेडबाई वीजच काढतील. तेव्हा ती कुठल्या मिनिटावर असेल? कोणाजवळ?

बुधवार, २५ फेब्रुवारी

ठरलं.

तिला सांगितलं सगळं. जुलै. चार पंचवीस. बाबा पाच मिनिटं उशिरा पोचले ते. मग: 'मला वाटलंच होतं. बाबांना रागावू नका हं कोणी.'

मग: 'मावशी, पुढे जाऊया. इथेच अडकून राहणं जास्त दुखतं. फक्त एकटी नको.'

मी आहे, म्हटलं.

आत्यांना फोन केला. नंबर या वहीत लिहून ठेवला होता म्हणून बरं. काकांना शुक्रवारी घेऊन या. आत्या आधी नाहीच म्हणाल्या. मग नुसत्या रडल्या. मग किती वाजता, म्हणाल्या. हेडबाईंनाही सांगितलं; सहापर्यंत अडवणार नाही, म्हणाल्या.

मला खूप भीती वाटतेय. मरणाची नाही. त्या — काय म्हणतात — रिकाम्या —

गुरुवार, २६ फेब्रुवारी

चार चोवीस.

घरमालकीणबाई दारात आल्या, चार हाका मारल्या म्हणे. त्या कोण ते मी विचारलं. हात धरून खाली नेलं, जेवायला घातलं. शिवायचं ते यंत्र चालू होतं, त्याचं नाव —

पाठीवर हात फिरवत होत्या. कोणीतरी असा हात फिरवायचं पूर्वी. मोठी कोणीतरी.

आज काय दिलं, माहीत नाही. ती म्हणाली, खूप छान होतं मावशी, तुम्ही दोघं पावसात हसत होतात.

दोघं —

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

वही समोर. लिहीत राहायचं, असं पुठ्ठ्यावर लिहिलंय मीच.

दुपार. खालून घर्र आवाज येतो. एक माणूस पाणी ठेवून गेला. डोळे लाल. त्याने दारावर पट्टी लावलीय, आत कोणी येऊ नये म्हणून. एक बाई दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्यात. चष्मा काढून हातात. घड्याळ बघतात. आत येत नाहीत.

वाकलेल्या एक आजी आल्या. बरोबर म्हातारे गृहस्थ. नीट भांग. त्यांना माझ्याशेजारी बसवलं.

पडद्यावर अक्षरं — मावशी आहात? — आहे, लिहिलं. मावशी म्हणजे मी.

श्वास लागतोय तिला. मधे मधे अक्षरं सुटतात. माझीही —

गृहस्थ पडद्याकडे बघतायत. रडतायत. का, ते त्यांना माहीत नाही. मी त्यांचा हात धरला. गार आहे.

बाबा आले का — असं उमटलं.

त्यांनी मला विचारलं, हिला काय सांगू? कोणाची मुलगी आहे?

मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण वाट बघतेय. म्हटलं, आलो म्हणा.

एकेक अक्षर शोधून लिहितायत. आ

लो

आता ती — हसतेय बहुतेक, तसं काहीतरी लिहितेय — बाबा हात —

त्यांनी पडद्यावर हात ठेवला. मीही —

चार पंचव